मॅग्नम रिव्हॉल्व्हर तापतो कशाने आणि झिजतो कशाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. अ‍ॅरिझोनात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांकडे चार इंची नळीचा, मध्यम फ्रेमचा जुना ३५७ मॅग्नम (एक जोरदार काडतूस) रिव्हॉल्व्हर आहे. काडतुसं ते घरीच भरतात. आधी अलायंट २४०० ही पावडर वापरायचे, आता एच-११० या पावडरवर आले आहेत. गोळी १२५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक माप), तांब्याच्या आवरणाची. रविवारी दीडशे ते दोनशे फैरी होतात. पावडर बदलल्यापासून चार सिलिंडर (सहा काडतुसांचं फिरतं चक्र) झाडले की नळीला हात लावता येत नाही, आणि सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर, म्हणजे टॉप स्ट्रॅपवर, नळीच्या मागच्या तोंडासमोर एक बारीक चकचकीत रेघ उमटली आहे. मित्र म्हणतो, बॉल पावडर पोलाद खाते. हे खरं का, कोणती पावडर घ्यावी, आणि उरलेल्या डब्याचं काय करावं?

मित्राचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, पण खरा दोषी त्यात सुटतो. तुमच्या प्रश्नामागे चार वेगळ्या गोष्टी आहेत: हाताला लागणारा चटका, टॉप स्ट्रॅपवरची रेघ, नळीच्या मागच्या तोंडाची झीज आणि सिलिंडरचा ढिलेपणा. चारहींची कारणं वेगळी आहेत. पावडरचा हात पहिल्या तिन्हींत आहे, पण पावडरच्या नावापेक्षा ती किती वजनाने जाते, कोणत्या गोळीमागे जाते आणि तुम्ही किती भराभर झाडता, यावर जास्त ठरतं. तुमच्या बाबतीत माझं बोट आधी १२५ ग्रेनच्या गोळीकडे जातं, मग रविवारच्या वेगाकडे आणि त्यानंतर एच-११० कडे.

आधी हिशेब करू. खालचे आकडे ढोबळ आहेत आणि केवळ उष्णतेच्या हिशेबासाठी आहेत. काडतूस भरताना आकडा फक्त पावडर बनवणाऱ्याच्या चालू पुस्तकातून घ्यायचा.

धूरविरहित पावडरच्या एका ग्रॅममध्ये साधारण ४ ते ५ किलोज्यूल ऊर्जा असते. १५८ ग्रेनच्या गोळीमागे एच-११० सारखी संथ पावडर १६ ग्रेनच्या आसपास, म्हणजे एक ग्रॅमहून जराशी जास्त जाते. ऊर्जा झाली साडेचार किलोज्यूलच्या पुढे. चार इंची नळीतून ती गोळी सेकंदाला १,२५० फुटांनी निघाली, तर तिच्या वाट्याला आलेली ऊर्जा सुमारे ७४५ ज्यूल. बाकीची सगळी तोंडाच्या ज्वाळेत, आवाजात, सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून आणि पोलादात गेली.

आता गोळी १२५ ग्रेनची घ्या. हलकी गोळी दाब धरत नाही, शिवाय तिच्यामागे केसिंगमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, जागाही जास्त उरते. म्हणून पावडर सुमारे एक तृतीयांशाने वाढते. ऊर्जा सहा किलोज्यूलच्या घरात जाते. आणि गोळीला काय मिळतं? १,४५० फुटांनी गेली तरी ७९० ज्यूल. म्हणजे दीड किलोज्यूल जादा जाळून गोळीच्या पदरात पन्नासच्या आसपास ज्यूल पडले. उरलेलं तुमच्या नळीने आणि टॉप स्ट्रॅपने सोसलं. जड गोळीत पावडरचं वजन गोळीच्या दशांशाइतकं असतं, हलकीत ते षष्ठांशाच्या आसपास जातं. हे गुणोत्तर लक्षात ठेवा, दाबाच्या आकड्यापेक्षा झिजेबद्दल ते जास्त सांगतं.

चटक्याचा हिशेबही यातूनच निघतो. दर फैरीला पंचमांश ऊर्जा पोलादात मुरते असं धरा. साधारण एक किलोज्यूल झाला. चोवीस फैरी भराभर झाडल्या तर चोवीस किलोज्यूल. नळी आणि सिलिंडर मिळून अर्धा किलो पोलाद, आणि एक किलो पोलाद एक अंशाने तापवायला अर्धा किलोज्यूल पुरतो. अर्धी उष्णता हवेत आणि फ्रेममध्ये गेली असं मानलं तरी तापमान पन्नास अंशांनी चढतं. अ‍ॅरिझोनातल्या उन्हाळ्यात रेंजवर चाळीसच्या पुढेच सुरुवात असते, म्हणजे पोलाद नव्वदीला. साठच्या पुढे हात टिकत नाही. तुम्हाला जो चटका बसतो तो असा बसतो, आणि त्या तापमानाने पोलादाचं काहीही बिघडत नाही.

झीज होते ती वेगळ्या उष्णतेने. पावडरची ज्वाला जवळपास २,८०० ते ३,५०० केल्विनची असते आणि नळीच्या आतल्या पृष्ठभागाला ती एका मिलिसेकंदाच्या आसपास चाटते. तेवढ्या वेळात पृष्ठभागाचा केसाहून बारीक थर प्रचंड तापतो आणि खालच्या थंड पोलादाने लगेच ओढून घेतल्यामुळे तितक्याच झटक्याने निवतो. असं हजारदा झालं की तो थर ठिसूळ होतो आणि त्याला बारीक भेगा पडतात. पुढच्या फैरींचा वायू त्या भेगांच्या कडा पोखरतो. म्हणून हात लावून झिजेचा अंदाज बांधता येत नाही. पण एक दुवा आहे: नळी आधीच तापलेली असेल तर तिचा पृष्ठभाग थंड व्हायला जास्त वेळ लागतो, आणि प्रत्येक फैरीचा घाव थोडा खोल जातो. दोनशे फैरी सावकाश झाडणं आणि त्याच दोनशे तासाभरात उडवणं, यात नळीला मोठा फरक पडतो.

आता पावडरच्या जातीकडे येऊ. सिंगल बेस पावडरीत मुख्यतः नायट्रोसेल्युलोज असतं, डबल बेसमध्ये त्यात नायट्रोग्लिसरिन मिसळलेलं असतं. नायट्रोग्लिसरिन वाढलं की ज्वाला जास्त गरम. २४०० आणि एच-११० दोन्ही डबल बेस आहेत, त्यामुळे तुमचा बदल थंडातून गरमात झालेला नाही. एच-११० आणि विन्चेस्टर २९६ तर एकच पावडर आहे, फक्त डबे दोन. ही गोलसर दाण्यांची बॉल पावडर. दाण्यांवरच्या लेपामुळे ती उशिरा पेटते आणि मंद सुरू होते. म्हणून गोळी सिलिंडर सोडून नळीत शिरते तेव्हा मागचा दाब बराच उंच असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी फट उघडी पडते. वेगवान पावडरीत दाबाचं शिखर लवकर येऊन गेलेलं असतं. टॉप स्ट्रॅपवरची रेघ तुम्हाला एच-११० नंतर दिसली, त्यात म्हणून नवल नाही. आयएमआर ४२२७ ही सिंगल बेस आणि तुलनेने थंड. पण ती केसिंग भरून वापरावी लागते आणि छोट्या नळीत न जळलेले दाणे बरेच टाकते. ‘थंड पावडर’ असा कौल देऊन मोकळं होता येत नाही ते यामुळे.

लिल गनचा उल्लेख इथे मुद्दाम करतो, कारण उद्या कोणीतरी तुम्हाला ती सुचवेल. ती मुळात ४१० बोअरच्या शॉटगनसाठी आलेली पावडर. मॅग्नम काडतुसात पुस्तकातला वेग भरपूर आणि दाब कमी दिसतो, म्हणून लोक तिच्या मोहात पडतात. पण रिव्हॉल्व्हरची नळी तिने विलक्षण तापते, ही जुन्या हातांची सर्रास तक्रार आहे. दाब म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर येणारा ताण. उष्णता ही वेगळी गोष्ट. ३५७ मॅग्नमला ३५,००० पीएसआयची (दर चौरस इंचाला पौंड) मर्यादा आहे, ४४ मॅग्नमला ३६,०००. त्या आत राहिलात म्हणजे सिलिंडर सुरक्षित राहील. नळीचं तोंड टिकेल, हे तो आकडा सांगत नाही.

रिव्हॉल्व्हरमध्ये सर्वात आधी झिजतं ते फोर्सिंग कोन. सिलिंडरमधून उडी मारून आलेल्या गोळीला नळीत घेणारं हे नरसाळं. गोळी आखूड असेल तर ती केसिंगच्या तोंडातून सुटते आणि पुढचा भाग नरसाळ्यात नीट बसायच्या आतच वायू तिच्या कडेने पुढे धावतो. त्या वायूबरोबर अर्धवट जळलेले दाणे असतात, आणि ते नरसाळ्यावर वाळूसारखे आदळतात. १२५ ग्रेनची गोळी आखूड, पावडर जास्त, दाणे कठीण: तिन्ही गोष्टी एकाच जागी येतात. लांब अंगाची १५८ ग्रेनची गोळी दार बराच वेळ बंद ठेवते.

तुमच्याकडच्या मध्यम फ्रेमच्या जातीत एक जुनं दुखणंही आहे. स्मिथ अँड वेसनचं के फ्रेमचं मॉडेल १९ हे १९५५ मध्ये आलं. त्यात सिलिंडर बाहेर झुलवणाऱ्या दांड्याला, म्हणजे क्रेनला, जागा मिळावी म्हणून नळीच्या मागच्या टोकाला खालच्या बाजूला, घड्याळातल्या सहाच्या ठिकाणी, धातू सपाट कापलेला आहे. तिथे भिंत पातळ राहते. हलक्या गोळीच्या पूर्ण शक्तीच्या काडतुसांनी नळ्या बरोबर तिथेच तडकत गेल्या. पुढे त्याच कंपनीने थोडी मोठी एल फ्रेम आणली, त्यात ही जागा भक्कम झाली. तुमचा रिव्हॉल्व्हर के फ्रेमचा असेल तर १२५ ग्रेनचा पूर्ण भार आजपासून बंद करा. एल फ्रेम, एन फ्रेम किंवा तशाच जाड अंगाचा असेल तर एवढी घाई नाही, पण दिशा तीच.

हे फक्त एका फ्रेमपुरतं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रुगरने ३५७ मॅक्सिममचा ब्लॅकहॉक काढला होता. लांब केसिंग, भरपूर संथ पावडर, आणि लोकांनी हलक्या गोळ्या प्रचंड वेगाने झाडल्या. टॉप स्ट्रॅप आणि नळीचं तोंड इतक्या लवकर कापलं गेलं की ते मॉडेल थोड्याच वर्षांत बंद पडलं. टायटॅनियम सिलिंडरच्या हलक्या ३५७ वर तर १२० ग्रेनखालची गोळी वापरू नका अशी ताकीद असते, आणि तिचं एक कारण सिलिंडरची झीज हेच आहे.

टॉप स्ट्रॅपच्या रेघेबद्दल मात्र घाबरू नका. फटीतून उडालेला वायू पट्टीवर आपटून चर पाडतो, पण चर जसजसा खोल होतो तसतसा वायू तळाशी पोचेपर्यंत पसरून निवतो. पोलादी फ्रेमवर हा चर बहुधा थोड्या खोलीला येऊन थांबतो. तुमची रेघ नखाला लागते का ते पाहा. नखाला न लागणारी रेघ म्हणजे नुसता डाग. लागत असेल तर तिची खोली मोजून लिहून ठेवा आणि पाचशे फैरींनी पुन्हा मोजा. वाढ थांबलेली दिसली की तो विषय संपला. अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या फ्रेमला तिथे पोलादाची पातळ ढाल असते. ती सरकली किंवा जळाली असेल तर झाडणं थांबवा, आणि ती जागा कधीही खरवडू नका.

फट मोजणं सोपं आहे आणि तुमच्या रिव्हॉल्व्हरच्या तब्येतीचा तो सर्वात स्वस्त दाखला आहे. सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासा. नळीचं मागचं तोंड आणि सिलिंडरचं पुढचं तोंड स्वच्छ पुसा, कारण शिशाचा थर राहिला तर माप खोटं येतं. सिलिंडर बंद करून मागे दाबून धरा आणि फिलर गेजची पाती एकेक करून घाला. अडखळत का होईना जी सर्वात जाड जाते ती तुमची फट. मग सिलिंडर पुढे दाबून पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक हा एंड शेक, म्हणजे सिलिंडरची पुढे-मागे होणारी हालचाल. सहाही घरांवर हे करा. कारखान्यातल्या भाषेत फट चार ते सहा थाऊ, म्हणजे इंचाचे चार ते सहा सहस्रांश, असेल तर उत्तम. आठपर्यंत चालतं. दहाच्या पुढे गेली की वेगही घटतो आणि बाजूला उभ्या माणसावर कण उडतात. एंड शेक तीन थाऊच्या पुढे गेला तर शिम (पातळ चकती) टाकून घ्या. दोन थाऊची घट्ट फट काहींना हवीशी वाटते, पण तापल्यावर आणि काजळी धरल्यावर तसा सिलिंडर अडकतो.

एंड शेकवर पावडरपेक्षा धक्क्याचा परिणाम होतो. जड गोळीने धक्का वाढतो, हे कोणी सांगेल आणि ते बरोबर आहे. पण १२५ वरून १५८ वर आल्याने तो किंचितच वाढतो, कारण जादा पावडरचा वायूही मागे ढकलतच असतो. नळीचं तोंड वाचवण्यासाठी मी हा सौदा डोळे मिटून करतो. १८० ग्रेनच्या पुढे मात्र मध्यम फ्रेमवर रोज जाऊ नये.

फोर्सिंग कोन पाहायला सिलिंडर उघडा, पांढऱ्या कागदाचा तुकडा फ्रेमच्या चौकटीत ठेवा आणि नळीच्या पुढून विजेरीचा प्रकाश सोडा. आधी पितळी ब्रशने आणि शिसं काढणाऱ्या द्रावणाने जागा साफ हवी, नाहीतर थापलेलं शिसं झिजेसारखं दिसतं. नुसता करडेपणा ठीक आहे. आटलेल्या तळ्यातल्या चिखलाला पडतात तशा भेगांचं जाळं दिसलं तर झीज सुरू आहे, पण रिव्हॉल्व्हर अजून चालेल. सहाच्या जागेवर एकच सरळ रेघ दिसली आणि कापसाची काडी फिरवताना धागे अडकले, तर ती तडा समजा. त्या रिव्हॉल्व्हरने एकही फैरी झाडू नका.

आता काय भरावं? दोनशे फैरींच्या सरावासाठी पूर्ण शक्तीची काडतुसं लागत नाहीत. युनिकसारखी मध्यम वेगाची पावडर एच-११० च्या सुमारे अर्ध्या वजनात काम करते. वेग पंचमांश ते चतुर्थांश कमी होतो, उष्णता मात्र निम्म्यावर येते. १५८ ग्रेनच्या शिशाच्या गोळीबरोबर ही जोडी उत्तम जुळते. एक धोका आहे. अर्ध्या भरलेल्या केसिंगमध्ये चुकून दुप्पट माप मावतं. पन्नास केसिंग ट्रेमध्ये उभी करून गोळी बसवण्याआधी विजेरीने प्रत्येकात डोकवायचं, आणि हे काम बोलत बोलत करायचं नाही. २४०० चे मध्यम भारही सरावाला चांगले. ती पावडर कमी करायला नाराज होत नाही आणि साध्या प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाची पेटवणारी टिकली) पेटते.

एच-११० ची गोष्ट नेमकी उलटी. तिला भरलेलं केसिंग, मॅग्नम प्रायमर आणि घट्ट रोल क्रिम्प, म्हणजे केसिंगचं तोंड गोळीवर आत वळवून आवळणं, लागतो. ‘नळी तापते, माप जरा उतरवू’ हा विचार तिच्या बाबतीत धोक्याचा आहे. पुस्तकातल्या आकड्याखाली ३ टक्क्यांपेक्षा जास्त उतरू नका, असं उत्पादकच सांगतो. कमी दाबात ती नीट पेटत नाही. कधी गोळी नळीत अडकते, आणि पुढची फैरी त्या अडकलेल्या गोळीवर जाते. बार फुसका वाटला तर लगेच थांबा, नळी मोकळी आहे याची खात्री करा. रिकामी केसिंग बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली पिवळसर दाणे सापडत असतील तर क्रिम्प सैल आहे किंवा प्रायमर कमजोर. ते दाणे तिथे राहिले की सिलिंडर जड फिरतो, आणि लोक ढिलेपणाचा दोष उगाच यंत्राला देतात.

साधी ओतीव शिशाची गोळी एच-११० च्या पूर्ण भारामागे घालू नका. बूड वितळल्यासारखं कापलं जातं आणि नळीत शिसं बसतं. गॅस चेक (गोळीच्या बुडाची तांब्याची टोपी) तरी हवा, नाहीतर आवरणाची गोळी.

रेंजवर दोन सिलिंडर झाले की सिलिंडर उघडून, नळी वर करून रिव्हॉल्व्हर सावलीत ठेवा. दहा मिनिटांत बराच निवतो. पाणी ओतू नका. काडतुसंही गाडीच्या डिकीत तापू देऊ नका, आणि तापलेल्या सिलिंडरमध्ये भरलेली काडतुसं उगाच ठेवून बोलत उभे राहू नका. गरम पावडर जास्त दाब देते.

फोर्सिंग कोन झिजलं तरी नळी फेकायची गरज नसते. चांगला गनस्मिथ नळी एक आटा मागे घेऊन खांदा कापतो, फट नव्याने लावतो आणि कोन पुन्हा ११ अंशात कापतो. तडा गेला असेल तर मात्र नळी बदलावीच लागते, आणि जुन्या के फ्रेमच्या नळ्या आता सहज मिळत नाहीत.

महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी एक वाक्य: भारतात काडतुसं बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळे वरचं काहीही घरी करून पाहायचं नाही.

उरलेला एच-११० चा डबा टाकू नका. के फ्रेम असेल तर त्यातून १५८ ग्रेनच्या आवरणाच्या गोळीची, पुस्तकाबरहुकूम भरलेली काडतुसं महिन्याला पन्नासच्या आत ठेवा, आणि बाकी रविवार युनिक किंवा २४०० वर काढा. उरलेल्या १२५ ग्रेनच्या गोळ्या ३८ स्पेशलच्या (याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालणारं आखूड काडतूस) केसिंगमध्ये हलक्या भाराने वापरून टाका. फक्त त्यानंतर सिलिंडरची घरं ब्रशने नीट घासा. आखूड केसिंगमुळे घरात पुढच्या बाजूला काजळीचं कडं बसतं, आणि त्यावर ३५७ चं लांब केसिंग घट्ट बसून उघडताना अडतं.